उभारीची गाणी : मराठी भावगीताचा काळ आणि अंबडची निवृत्त पिढी

मराठीत ‘उभारी’ हा शब्द पिकालाही लावतात आणि मनालाही. पावसाने ओढ दिल्यावर माना टाकलेले रोप एखाद्या सरीने पुन्हा ताठ झाले की पिकाने उभारी धरली असे शेतकरी म्हणतो, आणि आजारातून उठलेल्या किंवा दुःखातून सावरलेल्या माणसाविषयीही घरचे लोक हाच शब्द वापरतात. उतारवयातील मराठी श्रोत्याला अशी उभारी देणाऱ्या गाण्यांचा शोध घेतला, तर तो बहुतेक वेळा १९३० ते १९८० या पन्नास वर्षांत घडलेल्या भावगीतापाशी येऊन थांबतो. भावगीत म्हणजे एकाच भावनेभोवती गुंफलेली लहान कविता, जिच्या शब्दांना गायकीपेक्षा अग्रमान असतो, जिची चाल रागाचा आधार घेत असली तरी रागाच्या विस्तारात शिरत नाही, आणि जी ऐकणाऱ्याला स्वतःच्या गळ्यातून गुणगुणता येते. या प्रकाराचा इतिहास सहसा कवी, संगीतकार आणि गायक यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. ज्यांनी ही गाणी ऐकली, ती ऐकत नोकरी केली, संसार केला आणि निवृत्तीनंतरही ती सोडली नाहीत, त्यांच्या बाजूने तो क्वचितच सांगितला गेला आहे.

ती बाजू पाहण्यासाठी नाशिक शहराच्या नैऋत्येला असलेले अंबड ही योग्य जागा ठरते. (हे अंबड जालना जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाहून वेगळे.) पांडवलेण्यांच्या डोंगरापासून जवळच असलेल्या या गावाच्या शेतजमिनींवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘एमआयडीसी’ने, सातपूरनंतर नाशिकमधील दुसरी मोठी औद्योगिक वसाहत उभारली, आणि तिच्या शेजारी सिडकोने ‘नवीन नाशिक’ नावाने कामगार व मध्यमवर्गीयांसाठी घरांच्या योजना बांधल्या. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षांत गरवारे पॉइंटपासून त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगरपर्यंतच्या परिसरात खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि जिल्ह्यातीलच खेड्यांतून आलेली कुटुंबे स्थिरावली. त्या काळी विशीत असलेला फिटर, टर्नर किंवा वेल्डर आज साठी ओलांडून गेला आहे. भाषेची लकब, सणांच्या रीती, स्वयंपाकाची चव यांत ही कुटुंबे एकमेकांपासून पुष्कळ वेगळी होती, मात्र त्यांच्या कानांत बालपणापासून एकच यंत्र बोलत आले होते, ते म्हणजे रेडिओ. अमळनेरजवळच्या खेड्यातून आलेल्या आणि देवरुखजवळच्या वाडीतून आलेल्या दोन शेजाऱ्यांना तीच गाणी तशीच पाठ असावीत, ही बाब आज इतकी सहज वाटते की तिच्यामागे केवढी व्यवस्था उभी होती याचा विसर पडतो.

त्या व्यवस्थेची सुरुवात तबकडीपासून झाली. १९३२ च्या सुमारास गो. ना. जोशी, म्हणजे पुढे सर्वत्र ‘जी. एन. जोशी’ या नावाने ओळखले गेलेले गायक, यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता स्वतः चाल लावून एचएमव्ही कंपनीसाठी गायली, आणि मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः याच ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो. त्याआधी मराठी घरांत नाट्यगीत, अभंग, लावणी, ओवी हे सगळे होतेच, परंतु रंगभूमीवरच्या पात्राचे नाव न लावता, देवाचा आधार न घेता, एखाद्या साध्या माणसाच्या मनातली गोष्ट त्याच्याच आवाजात सांगणारे गाणे घराघरांत पोचण्याची सोय नव्हती. पुढे जोशी एचएमव्हीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रण विभागात अधिकारी झाले, त्यामुळे या प्रकाराचा पहिला लोकप्रिय गायक आणि त्याला पुढची कित्येक वर्षे तबकडीचा मार्ग खुला करून देणारा अधिकारी ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आली.

तबकडीने गाण्याला आकारही दिला. लाखेच्या मिश्रणाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच वाजत असे. या मर्यादेत आलाप, ताना, पुनरावृत्ती यांना फारसा वाव नव्हता. ध्रुवपद, दोन-तीन अंतरे आणि त्यांच्यामधला वाद्यांचा छोटा तुकडा एवढेच बसत असे. कलावंतांना ही अडचण वाटली असेल, पण ऐकणाऱ्यासाठी तो फार मोठा लाभ ठरला, कारण तीन मिनिटांचे गाणे पाठ होते, चूल पेटवताना किंवा सायकलवर कामावर जाताना पूर्ण म्हणून होते, आणि पन्नास वर्षांनंतरही ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अखंड आठवते.

१९४० च्या दशकात पुण्याच्या गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनी हे गाणे तबकडीतून बाहेर काढून गणेशोत्सवाच्या मांडवात नेले. कवींच्या कविता निवडायच्या, त्यांना स्वतः चाली लावायच्या आणि पेटीच्या साथीने रस्त्यावर जमलेल्या श्रोत्यांसमोर त्या गायच्या, असा त्यांचा परिपाठ होता, आणि ज्या लोकांनी कवितेचे पुस्तक कधी हातात धरले नसेल अशांना त्यामुळे समकालीन कवींचे शब्द तोंडपाठ झाले. शाळेबाहेर मराठी कविता जगली, त्यात वाटव्यांचा वाटा विद्यापीठांपेक्षा मोठा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मात्र ज्या पिढीचा येथे विचार चालला आहे तिच्यापर्यंत ही गाणी आणली ती आकाशवाणीने. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले होते, नागपूरचे १९४८ मध्ये आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. नेमक्या याच काळात, १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत, केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रिपद बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे होते. चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते सिलोन रेडिओकडे वळले, आणि अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला त्यांना परत बोलवावे लागले. केसकरांच्या या धोरणावर पुष्कळ टीका झाली आणि त्यातली बरीच रास्तही होती, तरीसुद्धा त्याचा एक परिणाम मराठीच्या पथ्यावर पडला. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी केंद्रांवर ‘सुगम संगीत’ या नव्या नावाचे विभाग उभे राहिले, ज्यांचे काम शास्त्रीय संगीताइतके अवघड नसलेले आणि चित्रपटाशी संबंध नसलेले गाणे तयार करणे हे होते, आणि मराठीत असे गाणे भावगीताच्या रूपाने आधीच सिद्ध होते. त्याला आता कायमची वेळ, पगारी वादक आणि लाखो श्रोते मिळाले.

या व्यवस्थेचे सर्वांत उंच शिखर म्हणजे ‘गीतरामायण’. पुणे केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी वर्षभर चालेल अशी एखादी संगीत मालिका लिहून देण्याची सूचना ग. दि. माडगूळकर यांच्यापुढे मांडली, आणि माडगूळकरांनी रामकथा निवडली. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही १९१९ साली जन्मलेले, चित्रपटसृष्टीत एकत्र घडलेले, आणि त्या वेळी पस्तिशी-छत्तिशीत असलेले कलावंत होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी सकाळी, पहिले गीत प्रसारित झाले. त्यानंतर दर आठवड्याला एक नवे गीत, असा हा क्रम १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालला. बावन्न आठवड्यांचे वर्ष धरून बावन्न गीतांची कल्पना होती, पण त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंतचे अंतर वाढले आणि गीतांची संख्या ५६ झाली. पंचांगाने काव्याची लांबी ठरवावी, असे उदाहरण आधुनिक मराठी साहित्यात दुसरे सापडणे कठीण आहे.

या मालिकेच्या निर्मितीत दर आठवड्याची घाई होती. गीत लिहिले जाई, फडके त्याला चाल लावीत, गायक-गायिकांकडून ते बसवून घेत आणि ठरलेल्या दिवशी ते प्रसारित होई. रामाची गीते स्वतः फडक्यांनी गायली. इतर पात्रांसाठी माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर आदींचे आवाज वापरले गेले, आणि व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते. रामकथेतील माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात, ही या काव्याची रचना आहे. प्रत्येक गीत म्हणजे एका पात्राचे एका क्षणीचे मनोगत, आणि म्हणूनच पुराणातला विषय असूनही त्याचा पिंड भावगीताचा राहिला. प्रसारणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, रस्ते ओस पडत, अशी वर्णने समकालीनांनी केली आहेत. त्यात भक्ती होतीच, पण त्याशिवाय आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे या लेखाचा रोख आहे. ठरावीक वारी, ठरावीक वेळी, एकाच कथेचा पुढचा तुकडा हजारो घरांत एकदम ऐकला जात होता, आणि त्या वर्षाला गाण्यांनी मोजण्याची सवय लागली होती.

नाशिककरांसाठी या मालिकेत आणखी एक जवळीक होती. वनवासातील राम ज्या पंचवटीत राहिला, शूर्पणखा जिथे आली आणि सुवर्णमृग जिथे दिसला, ती पंचवटी त्यांच्या शहराचा भाग आहे. गोदावरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर भाजी घ्यायला जाणारी बाई रेडिओवर ऐकलेल्या कथेच्या भूमीवरूनच चालत होती. उतारवयातील नाशिककर आजही गीतरामायणातल्या पंचवटीच्या प्रसंगांविषयी बोलताना आपल्या ओळखीच्या गल्लीविषयी बोलावे तसे बोलतात, ते या कारणाने.

गीतरामायणात उभारीचा जो भाग आहे तो आनंदाच्या गीतांत शोधायला गेले तर फारसा हाती लागत नाही. त्यातली अधिक आठवली जाणारी गीते ही निरोपाची, वियोगाची आणि माणसाच्या हातात काय आहे आणि काय नाही याची आहेत. दुःखाला नेमके शब्द आणि संयत चाल मिळाली की ते पेलता येते, हा त्यांचा अनुभव आहे, आणि वय वाढते तसतशी या अनुभवाची गरज वाढते. आनंदी शब्दांचे गाणे दुःखी माणसाला अनेकदा परके वाटते. त्याचे दुःख ओळखून त्याच्या बरोबरीने चालणारे गाणे त्याला उभे करते.

याचेच दुसरे, जरा हलके आणि अधिक शहरी रूप १९६० च्या दशकात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर घडले. तेथे यशवंत देव यांच्याकडे असलेल्या ‘भावसरगम’ या कार्यक्रमातून नवी भावगीते सादर होत, आणि मंगेश पाडगावकरांची शब्दरचना, श्रीनिवास खळे यांची चाल व अरुण दाते यांचा आवाज हे त्रिकूट याच वाटेने श्रोत्यांपर्यंत पोचले; या त्रिकुटाच्या ‘शुक्रतारा’ या गीताचे नाव पुढे दाते यांच्या रंगमंचीय कार्यक्रमाचेही झाले. इंदूरमध्ये जन्मलेले दाते (१९३४–२०१८) हे कापड तंत्रज्ञान शिकलेले आणि त्या उद्योगात दीर्घकाळ नोकरी केलेले गृहस्थ होते, हा तपशील अंबडच्या संदर्भात विशेष मोलाचा आहे. दिवसा गिरणीतल्या यंत्रांमध्ये वावरणारा माणूस संध्याकाळी गाणे गातो, आणि त्याचे गाणे यंत्रावर काम करून थकलेल्या माणसांना आपले वाटते, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. त्यांचा आवाज मंद्राकडे झुकलेला, न ताणलेला, कानाशी बोलल्यासारखा होता. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला मात्र फसव्या अवघड, तर देवांच्या चाली शब्दाच्या बोलण्यातल्या चढउताराला चिकटून जाणाऱ्या. पाडगावकरांनी लिहिलेले, देवांनी स्वरबद्ध केलेले आणि दात्यांनी गायलेले जगण्यावरच्या प्रेमाचे गीत आज ज्येष्ठांच्या जवळजवळ प्रत्येक मेळाव्यात म्हटले जाते. ते लिहिले गेले तेव्हा ते म्हाताऱ्यांसाठी आहे असे कोणालाही वाटले नव्हते.

स्त्री श्रोत्यांचा प्रवाह याला समांतर पण वेगळा वाहत होता. कवी पी. सावळाराम आणि संगीतकार वसंत प्रभू यांची गीते, जी मुख्यतः लता मंगेशकर व आशा भोसले यांच्या आवाजांत लोकांपर्यंत गेली, ती माहेर, सासर, आईपण, देवघर या घरातल्याच जागांविषयी बोलत होती. नोकरीसाठी नवऱ्याबरोबर खेडे सोडून सिडकोच्या दोन खोल्यांत आलेल्या सुनेचे माहेर आता एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासावर गेले होते, आणि त्या अंतराला शब्द देणारी गाणी तिच्या स्वयंपाकघरात वाजत होती. या गीतांना भावुक म्हणून हिणवण्याची जी पद्धत समीक्षेत पडली ती अन्यायाची आहे, कारण ज्या दुःखाला वर्तमानपत्रात किंवा कामगार संघटनेच्या ठरावात जागा नव्हती ते दुःख या गीतांनी नोंदवले.

रेडिओचा दिवस कसा आखलेला होता, हे लक्षात घेतल्याशिवाय या गाण्यांची पकड समजत नाही. पहाटेची भक्तिगीते, सकाळच्या बातम्या, दुपारी गृहिणींसाठी ‘वनिता मंडळ’, संध्याकाळी ‘कामगार सभा’, आणि श्रोत्यांच्या फर्माइशी वाचून दाखवत गाणी लावणारी ‘आपली आवड’. या शेवटच्या कार्यक्रमासाठी लोक पोस्टकार्ड पाठवीत, आणि निवेदक गाण्याआधी नावे व गावे वाचून दाखवी. आपल्या गावाचे नाव आकाशवाणीवरून उच्चारले जाणे हा त्या गावासाठी सोहळा असे. रेडिओ बाळगायला परवाना लागे, त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकात बंद होईपर्यंत ‘रेडिओचे लायसन’ हे घरातल्या कागदपत्रांपैकी एक महत्त्वाचे पुस्तक होते. घड्याळ नसलेल्या घरातही अमुक कार्यक्रम लागला की मुलांनी शाळेला निघायचे, तमुक लागला की डाळ शिजायला घालायची, असे ठरलेले असे. गाणे घड्याळाचे काम करीत होते.

याच काळात जपानमध्ये जे घडले त्याची तुलना येथे उपयुक्त आहे, कारण तिथेही आजच्या वृद्ध पिढीला उभारी देणारी गाणी युद्धोत्तर नभोवाणी आणि तबकडी यांतूनच आली. ‘कायोक्योकु’ हा तेथील शब्द लोकप्रिय गीतांसाठी वापरला जातो. सम्राट हिरोहितोच्या १९२६ ते १९८९ या दीर्घ राजवटीला ‘शोवा’ म्हणतात, आणि त्या काळातली कायोक्योकु गाणी हा आज जपानी ज्येष्ठांचा सामायिक ठेवा मानला जातो. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर काही आठवड्यांतच आलेल्या एका चित्रपटात नामिकी मिचिको या तरुणीने सफरचंदाविषयीचे एक साधे गीत गायले, आणि ‘रिंगो नो उता’ म्हणजे ‘सफरचंदाचे गाणे’ या नावाने ते उद्ध्वस्त शहरांत सर्वत्र गायले जाऊ लागले. मार्च १९४५ च्या तोक्योवरील हवाई हल्ल्यात या गायिकेची आई मृत्यू पावली होती, हे जाणल्यावर त्या गाण्याचा आनंदी सूर वेगळाच ऐकू येतो. जानेवारी १९४६ मध्ये जपानच्या ‘एनएचके’ या सार्वजनिक नभोवाणीने सामान्य श्रोत्यांना माइकसमोर गायला बोलावणारी स्पर्धा सुरू केली, जी आजही चालू आहे. आपल्याकडची ‘आपली आवड’ श्रोत्याचे नाव हवेत नेत होती, तर तिथे श्रोत्याचा आवाजच हवेत गेला.

जपानी गीतांपैकी जगाला ठाऊक झालेले गीत १९६१ चे आहे. एइ रोकुसुके यांनी लिहिलेल्या, नाकामुरा हाचिदाइ यांनी स्वरबद्ध केलेल्या आणि साकामोतो क्यू यांनी गायलेल्या ‘उए ओ मुइते अरुको’ या गीताच्या शीर्षकाचा अर्थ मान वर करून चालण्याविषयीचा आहे, आणि त्या चालण्याचे कारण डोळ्यांतले पाणी आहे. शिट्टीच्या आनंदी चालीवर दुःखाचे शब्द ठेवण्याची ही रीत भावगीताच्या श्रोत्याला अजिबात परकी वाटणार नाही. योगायोग असा की मराठी भावगीताचा आरंभही ‘शीळ’ या कवितेनेच झाला होता. परदेशात या गीताला ‘सुकियाकी’ हे एका खाद्यपदार्थाचे, आशयाशी काहीही संबंध नसलेले नाव देण्यात आले, आणि जून १९६३ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत तीन आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. साकामोतो १९८५ च्या विमान अपघातात मरण पावले, परंतु २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानी लोक एकमेकांना धीर देण्यासाठी पुन्हा याच गीताकडे वळले.

१९६८ मध्ये सुइझेनजी कियोको यांनी गायलेले ‘३६५ पावलांचे संचलन’ या अर्थाच्या नावाचे गीत तर थेट कालगणनेवरच उभे आहे. वर्षाच्या दिवसांइतकी पावले, आणि चालत राहण्याचा धीर, असा त्याचा साधा विषय आहे. गीतरामायणाने एका वर्षाला ५६ गीतांत बांधले आणि या जपानी गीताने वर्षाला ३६५ पावलांत. दोन्हीकडे माणसाला उभे करणारी गोष्ट म्हणजे पुढचा दिवस मोजता येणे ही आहे. जानेवारी १९८९ मध्ये शोवा काळ संपला आणि त्याच महिन्यात मिसोरा हिबारी या गायिकेचे नदीच्या प्रवाहाची उपमा असलेले गीत आले. त्याच वर्षी जूनमध्ये तिचे निधन झाले. एका युगाचा शेवट आणि त्याच्या सर्वांत लाडक्या आवाजाचा शेवट असा एकत्र आला.

मानसशास्त्रात असे आढळून आले आहे की वृद्ध माणसाला आपल्या आयुष्यातील साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे आठवतात. आठवणींचा आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. त्या वयात ऐकलेले संगीत या उंचवट्याच्या माथ्यावर असते, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्येही ओळखीच्या गाण्यांची आठवण इतर आठवणींपेक्षा बराच काळ टिकताना दिसते. हा नियम अंबडच्या पिढीला लावला तर एक रोचक गोष्ट समोर येते. १९६० च्या आसपास जन्मलेल्या कामगाराच्या उंचवट्यावर १९७० आणि १९८० ची दशके आहेत, म्हणजे शुक्रताऱ्याच्या मैफली, विविध भारती आणि त्यानंतर आलेली कॅसेट. गीतरामायण ही त्याच्या आईवडिलांच्या तारुण्याची चीज होती, जी त्याने त्यांच्या रेडिओवरून आणि नंतर त्यांच्या तोंडून ऐकली. म्हणून आज तो गीतरामायण ऐकतो तेव्हा स्वतःच्या तारुण्याबरोबर त्याला आईच्या स्वयंपाकघराचीही आठवण येते, आणि एकाच गाण्यात दोन पिढ्यांचा काळ साठवला जातो.

कारखान्याच्या दिवसांत या कामगाराचा काळ भोंग्याने ठरत असे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी अशी आठवड्याला बदलणारी चाकोरी शरीराला मुरलेली असते, आणि निवृत्तीच्या दिवशी ती एकदम तुटते. वर्षानुवर्षे पाळ्या केलेल्या माणसाला सकाळी साडेसहाला काय करायचे हे कळेनासे होते, आणि बायको, सून, नातवंडे ज्या घरात आपापल्या वेळा सांभाळत असतात त्या घरात त्याची वेळ कोणती हे सांगणारे कोणीच नसते. अशा वेळी सकाळी भक्तिगीत, दुपारी नाट्यगीत, संध्याकाळी भावगीत असा जुना क्रम पुन्हा लागला की दिवसाला पुन्हा कडा येतात. उभारीची गाणी म्हणून ती जे काम करतात त्याचा मोठा भाग शब्दांत शोधण्यापेक्षा या वेळापत्रकात शोधला पाहिजे. मोबाइलवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी लागते ही सोय खरी, पण ठरलेल्या वेळी गाण्याची वाट पाहण्यात जे बळ होते ते त्या सोयीत मिळत नाही.

वृद्धत्वाविषयी मराठीतले सर्वांत प्रखर लेखन याच नाशिकमधून आले, ही गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, यांनी १९७० मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये मुलांच्या घरी बेघर झालेला म्हातारा उभा केला, आणि त्या नाटकाने मराठी प्रेक्षकाला वार्धक्याकडे सरळ पाहायला लावले. पण ज्येष्ठांच्या सभांत ‘नटसम्राट’मधली स्वगते ऐकवली जातात तेव्हा सभागृह गंभीर होते, आणि कोणी भावगीत सुरू केले की तेच लोक पुन्हा गाऊ लागतात. दोन्हींची गरज एकाच माणसाला आहे. शोकांतिका त्याच्या दुःखाला नाव देते आणि गाणे त्याला दुसऱ्या दिवशी उठायला लावते.

आज सिडको आणि अंबड परिसरासारख्या वस्त्यांतून ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे यांच्यामुळे ही गाणी पुन्हा सामुदायिक झाली आहेत, आणि त्यांत कराओकेचा वाटा मोठा आहे. कराओके म्हणजे गायकाचा आवाज वगळून फक्त वाद्यमेळ वाजवणारी व्यवस्था, जिच्यावर श्रोता स्वतः गातो. जपानमध्ये १९७१ मध्ये कोबे शहरातील इनोउए दाइसुके या वादकाने असे यंत्र तयार केले. बारमध्ये गाणाऱ्या हौशी लोकांना तो साथ करीत असे, आणि त्याच्याशिवाय सहलीला जावे लागणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी त्याने त्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला मानवेल अशी साथ टेपवर भरून दिली, त्यातून ही कल्पना आली. तिचे एकस्व त्याने कधी घेतले नाही. सामान्य माणसाच्या गळ्याला गाणे मानवावे ही त्या यंत्राची मूळ प्रेरणाच उतारवयात कामी येते. ज्या पट्टीत तरुणपणी भावगीत सहज निघे ती आता वर पोचत नाही. तेव्हा अंबडमधला निवृत्त फिटर मोबाइलच्या पडद्यावर साथीची पट्टी दोन स्वर खाली उतरवतो, पहिला अंतरा चाचपून पाहतो, आणखी अर्धा स्वर खाली घेतो, आणि मग ध्रुवपदापासून गाणे सुरू करतो.